डिंपनाचा न पाळलेला कुत्रा

डिंपना गॉर्मलीच्या जिभेला आमचं सगळं गाव वचकून असे. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बायकांची ती मुकादम. तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून समोरची पोलीस चौकी दिसायची, आणि दर मंगळवारी चौकीच्या दारात लागलेली बेकारभत्त्याची रांगही. रोजगार कार्यालय पडलं लांब तालुक्याला, म्हणून आमच्याकडे सही करायची ती हवालदारासमोर. या आठवड्यात मला काम नव्हतं, असं लिहिलेल्या कागदाखाली. काही गुन्हा न केलेल्या माणसालाही त्या दारात उभं राहिलं की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं.

"आले गं बाई, सरकारचे जावई आले!" डिंपना म्हणायची, आणि बायका मशिनी थांबवून खिडकीशी यायच्या.

रांगेत हमखास असायचा फेस्टी लॉफ्टस. डिंपनाच्या पलीकडच्या घरातला, एकटाच राहणारा. दूध संकलन केंद्रातली त्याची नोकरी गेली, आणि त्याच आठवड्यात त्याची सायकलही चोरीला गेली, तेव्हापासून तो सगळीकडे पायी जायचा. पाऊस असो, वारा असो, गावापर्यंतचा तो लांबलचक रस्ता मान खाली घालून तुडवायचा. कारखान्याची गाडी त्याच्या बाजूने जाताना डिंपना काच खाली करून ओरडायची, "फेस्टी, सायकल तर घालवलीस, आता पाय तरी जप रे!" गाडीभर हशा पिकायचा. फेस्टी टोपीला हात लावून पुढे चालायला लागायचा. हे एकदोनदा नाही, दहा-बारा वर्षं चाललं.

मग सत्त्याऐंशीच्या शरद ऋतूत कारखाना बंद पडला. मालकांचा माणूस येऊन सांगून गेला की ज्यांची तिकिटं भरलेली आहेत त्यांनी मंगळवारी चौकीत जाऊन सही करावी. सही कराल त्या दिवसापासून भत्ता धरतात, मागचं काही मिळत नाही. 'तिकिटं' म्हणजे पगारातून दर आठवड्याला कापला जाणारा विम्याचा हप्ता. पूर्वी त्याची खरोखरची तिकिटं कार्डावर चिकटवायचे, त्यावरून तो शब्द राहिला. डिंपनाची तिकिटं ती पोरगी होती तेव्हापासूनची, एकही न चुकलेलं. पण तिच्या लेखी विमा हा घर जळालेल्यांचा असतो. चौकीतला कागद म्हणजे भीक.

पहिला मंगळवार तिने घर झाडण्यात काढला. दुसऱ्या मंगळवारी तिला ताप आला, निदान तिने तसं ठरवलं. पण मग कोळशाची खोली रिकामी दिसायला लागली, आणि ब्रेडला लोण्याऐवजी लोण्याची आठवण लावायची वेळ आली. तेव्हा तिसऱ्या मंगळवारी ती चर्चला घालायचा निळा कोट घालून, रांग लागायच्या आत चौकीत जाऊन उभी राहिली. हवालदार टार्पी चहा पीत होता. तरुण पोरगा, गावात नवा.

"बोला, डिंपनाबाई."

तिने तोंड उघडलं आणि मागे दार वाजलं. ओले बूट, खोकला, कुजबुज. रांग आत येत होती. त्यात तिच्याच दोन शिवणाऱ्या होत्या, आणि फेस्टी होता. डिंपनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"माझा कुत्रा हरवलाय," ती म्हणाली.

टार्पीने कप खाली ठेवला. "अरेरे! रंग?"

"तपकिरी. एक कान पांढरा."

"नाव काय त्याचं?"

डिंपनाला सुचेना. आयुष्यभर जे शिवलं तेच तोंडात आलं. "कॉलर."

ती बाहेर पडली ती जवळजवळ पळतच. घरी येऊन कोटासकट खुर्चीत बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं तिला वाटलं. पण गोष्ट एवढ्यावर थांबती तर ते आमचं गाव कसलं! रविवारी फादरांनी प्रार्थनेनंतर व्यासपीठावरून सांगितलं, की आपल्या डिंपनाबाई आधीच कठीण दिवसांतून जाताहेत, त्यात त्यांचा मुका सोबती हरवला आहे, तर सर्वांनी डोळे उघडे ठेवावेत. बायका तिचे हात हातात घेऊन हळहळल्या. कुणी सोडा ब्रेड आणून दिला, कुणी सफरचंदाची वडी. कुणालाच कसं आठवत नव्हतं, की डिंपनाकडे कुत्रा कधी नव्हताच? ती वडी तिने तशीच झाकून ठेवली. पुढच्या मंगळवारी ती गेलीच नाही. गेली असती तर रांगेने विचारलं असतं, सापडला का? आणखी एक आठवडा पाण्यात गेला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. फेस्टी. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, आणि हातातल्या दोरीला एक हाडकुळा, थरथरणारा तपकिरी कुत्रा.

"हा घे तुझा कॉलर. पार दलदलीच्या टोकाला सापडला."

डिंपनाने कुत्र्याकडे बघितलं. दोन्ही कान तपकिरी.

"पांढरा कान..." ती पुटपुटली.

"पावसात धुऊन गेला असेल," फेस्टी गंभीरपणे म्हणाला.

तिथे मात्र तिचा बांध फुटला. दाराची चौकट धरून ती रडली. "फेस्टी, माझ्याकडे कुत्रा नव्हताच रे. कधीच नव्हता."

"माहीत आहे. रोज तुझ्या दारावरून जातो मी. भुंकलं का कधी कुणी माझ्यावर, तुझ्याशिवाय?"

"मग चिखलात कशाला मेलास एवढे दिवस?"

"कुत्रा सापडल्याशिवाय तू सहीला येणार नव्हतीस."

तिने त्याला आत घेतलं, चहा टाकला. फेस्टीने कप दोन्ही हातांत धरला आणि विस्तवाकडे बघत म्हणाला, "पहिल्या वेळी मीही असाच गेलो होतो चौकीत. तुम्ही सगळ्या खिडकीत. तुझा आवाज रस्त्यावर येत होता. मी साहेबांना सांगितलं, सायकल चोरीला गेली."

"आणि गेली नव्हती?"

"माझ्या गवताखाली आहे अजून. बाहेर काढायची कशी? गाव विचारणार, इतके दिवस कुठे होती?"

डिंपनाच्या डोळ्यांसमोर त्याचा तो भिजलेला पाठमोरा कोट आला, आणि गाडीची खाली सरकणारी काच. ती काच तिनेच खाली केली होती, दर वेळी. आपण किती नीच वागलो हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने त्याच्या ताटलीत ब्रेडचा मोठा तुकडा ठेवला.

"आणि हे बघ," फेस्टी म्हणाला, "माझी तिकिटं कधीच संपली. माझ्याकडे सरकारी माणूस येतो, कोंबड्या मोजतो, भांड्यांत डोकावतो, मग भत्ता देतो. तुझं तसं नाही. तुझा विमा आहे. घर जळालं म्हणूनच समज. तुझ्या कोंबड्या कुणी मोजणार नाही."

मंगळवारी डिंपना रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मध्ये, दोरीला कुत्रा. तिचा नंबर आला.

"सापडला वाटतं! छान," टार्पी म्हणाला.

"सापडला. मी सहीला आलेय." आवाज कापला, पण आला. "आणि आणखी एक लिहून घ्या. फेस्टी लॉफ्टसची सायकल सापडली. माझ्या खोपटात होती, गवताखाली."

फेस्टी लाल झाला. "डिंपना, अगं..."

"तू गप्प बस." ती टार्पीकडे वळली. "इतकी वर्षं माझ्याकडेच होती. लिहा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिचीच शिवणारी. "बघा गं! लोकांना सरकारचे जावई म्हणायची, आणि सायकलचोर हीच!" सगळी रांग हसायला लागली. डिंपनाचा चेहरा जळत होता. तिने मान खाली घातली, ते हसू संपेपर्यंत उभी राहिली, आणि मग टार्पीने पुढे सरकवलेल्या कागदावर सही केली.

पुढच्या मंगळवारी ती पायी निघाली होती. कुत्रा पुढे, ती मागे. मागून गंजलेल्या साखळीची कुरकुर ऐकू आली. फेस्टी सायकलवर होता, इतक्या वर्षांनी तोल सावरत, रस्ताभर डुलत. तिच्या बाजूने जाताना त्याने टोपीला हात लावला.

"डिंपना," तो ओरडला, "पाय जप गं!"