पिंपाच्या मोटारीचा फोटो

माझ्या मित्राच्या मोटारीचा आवाज पंचक्रोशीत ज्यानं ऐकला नाही, तो बहिरा तरी असायचा नाहीतर मेलेला तरी. आवाज पार कर्जतपर्यंत जातो असं मी लोकांना सांगायचो, आणि कर्जत किती लांब हे ठाऊक असलेलेही माना डोलवायचे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर, आणि कूपनं आमच्यासारख्यांना कोण देतो? म्हणून मित्रानं भिंगारच्या भंगारातून एक मेलेली मोटार बैल जुंपून ओढत आणली. मागचा भाग कापून तिथं फळ्या ठोकल्या आणि बाजूला लष्करी तेलाच्या पिंपाची भट्टी बसवली. भट्टीत बाभळीचा कोळसा पेटवायचा, हातपंखा फिरवायचा आणि होणारा वायू नळीनं इंजिनात सोडायचा. गाडी सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात कोंबडीनं अंडं उबवून पिल्लू हिंडायला सोडलं असतं. पण चालायची. चढावर आम्ही उतरून ढकलायचो तेव्हाही ती चालतेच आहे असं तो म्हणायचा, आणि मी साक्ष द्यायचो.

अशा भट्ट्या शहरात तयार मिळत, पण त्यांची किंमत ऐकून लॉरीवाल्यांनाही घाम फुटे. याची भट्टी भंगारातून झालेली, कुठल्याही गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी. नगरच्या एका मालकाच्या लॉऱ्या पेट्रोलवाचून उभ्या होत्या. त्यांना भट्ट्या बसवण्याचं काम मिळालं की जन्माचं कल्याण, एवढाच मित्राचा हिशेब. घरी भावांनी बजावलं होतं, सुगीपर्यंत या पिंपातून भाकरी निघाली तर बरं, नाहीतर मुकाट औत धर. मालकाला तो भेटला, तर मालक म्हणाला, तुझं खटारं माझ्या दारात आणून धूर करू नकोस, काय आहे ते कागदावर काढून आण. मित्रानं काढलेलं चित्र मी पाहिलं. भोपळ्याला सोंड फुटली होती.

अशात एकदा सोनईहून परतताना वाटेत लग्नाचे फोटो काढून निघालेला एक नगरचा फोटोग्राफर भेटला. त्याची गाडी चुकली होती. आम्ही त्याला तिपाईसकट फळ्यांवर बसवलं. गावात कोळसा भरायला थांबलो तेव्हा कपडे झटकत तो म्हणाला, माझ्याकडे एक काच उरलीय, एक फोटो निघेल, बोला कुणाचा काढू.

बातमी मोटारीपेक्षा जोरात पळाली. पाटील नवा फेटा बांधून स्टिअरिंगवर येऊन बसले. मास्तर हातात जाडजूड पुस्तक घेऊन बरोब्बर भट्टीसमोर उभे राहिले. कुणी तान्हं पोर आणलं, कुणी चांदीचा तांब्या. एकानं तर गाय आणली, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांत शहाण्यासारखी तीच उभी होती. मित्रानं एकेकाला हात धरून बाजूला केलं. पाटील काही हलेनात.

"गावच्या पाटलापरीस पिंप मोठं झालं व्हय?" त्यांनी विचारलं.

"आज हाय," मित्र म्हणाला. "तुमचा फोटो उद्याबी निघंल."

पाटील उतरले. पुढं वर्षभर त्यांनी आम्हां दोघांशी शब्द काढला नाही. मित्रानं माझ्याकडून पिंप राखेनं घासून घेतलं, झाकण उघडून ठेवलं, एकूण एक जोड दिसेल अशा नळ्या सरळ केल्या. धूरही दिसला पाहिजे म्हणून स्वतः पलीकडे वाकून पंखा फिरवत बसला. फोटोत त्याचं नखसुद्धा आलं नाही.

फोटो मात्र असा आला की नटांवरचे आटे मोजून घ्यावेत. धोतराच्या घडीत गुंडाळून तो नगरला घेऊन गेला. मालकानं चष्मा लावून बराच वेळ पाहिला, चहा पाजला आणि भागीदाराला दाखवतो म्हणून फोटो ठेवून घेतला. मित्र परत आला तो जावई आल्यासारखा. मी चार गावांत सांगून टाकलं की हा आता लॉऱ्यांचा सरदार होणार.

ज्वारी फुलोऱ्यात आली तरी निरोप नाही. मग एके दिवशी त्या मालकाची लॉरी आमच्या रस्त्यानं धूर सोडत गेली. भट्टी डाव्या अंगाला. आमची डावीकडे होती ती डावा दरवाजा उघडतच नसे आणि उजवा मोकळा ठेवायचा म्हणून. त्या लॉरीचे दोन्ही दरवाजे ठणठणीत होते. तरी भट्टी डावीकडेच, नळ्यांना बाकही तेच.

मित्र नगरला गेला. मालकानं त्याला पायरीवरच उभं केलं आणि विचारलं, पिंप काय तू शोधून काढलंस? फोटोचं विचारलं तर म्हणाला, कुठला फोटो?

काही दिवसांनी त्यातलीच एक लॉरी आमच्या वेशीपाशी गपकन बंद पडली. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. भट्टीपुढच्या बंद डब्यात काथ्याची गाळणी लागते, नाहीतर कोळशाचं डांबर इंजिनात जाऊन बसतं. फोटो काढताना आमचा डबा बंद होता, म्हणून फोटोत गाळणी नव्हती. मी मित्राला म्हणालो, गप बस, महिन्याभरात त्याच्या सगळ्या लॉऱ्या घुसमटतील आणि मालक तुझ्या ओसरीवर नाक घासत येईल. त्याला पटलं. आम्ही पारावर बसून मजा बघू लागलो. ड्रायव्हर हँडल मारमारून थकला. इंजिन खोकायचं आणि मरायचं.

मग हा उठला. मी त्याच्या धोतराचा सोगा धरला, तो हिसकून गेला. विहिरीवरच्या मोटेच्या जुन्या सोलदोराचा काथ्या उसवला, डबा उघडून दाबून बसवला, आणि ड्रायव्हरला सगळं सांगितलं, थर किती द्यायचे, पाणी किती मारायचं, बदलायचा कधी. ड्रायव्हरनं विडी दिली, आता सगळ्यांना सांगतो म्हणाला, आणि लॉरी सुसाट निघून गेली.

मी एवढ्या शिव्या घातल्या की बाभळीची पानं गळाली असतील. तो खाली बघत म्हणाला, "इंजिन मरत हुतं रं."

सुगी झाल्यावर त्यानं औत धरलं. त्यानंतर त्या मालकाची एकही लॉरी आमच्या रस्त्यावर बंद पडली नाही, आणि हे मी फुगवून सांगत नाही.