रुखवताची ऑर्डर

आईच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी ज्या बायका जमायच्या, त्या माझ्यामुळे यायच्या बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. मी चांगल्या हेतूने एक गोष्ट सुरू केली आणि तिच्या भरात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा चारचौघींत अपमान केला. तो अपमान होता हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि माझी पन्नाशी उलटलेली आहे. नकळत झालं म्हणून सुटावं असं हे वय नव्हे.

आई डोंबिवलीला राहते, मी जिथे लहानाचा मोठा झालो त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी घोडबंदर रोडला राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आलेला माल तपासायचा, खोट असेल तो बाजूला काढायचा, हे माझं काम. नोकरीची इतकी वर्षं मी हेच केलंय. ही सवय घरात नेऊ नये एवढी अक्कल मात्र मला आली नव्हती.

आईचे हात कधी रिकामे नसतात. बसमध्येसुद्धा तिच्या पिशवीत सुई असते. होळी झाली, की ती खरी खुलते. माठ निघतो, त्यात वाळ्याची जुडी पडते, बाल्कनीतल्या कुंडीत मोगऱ्याला कळ्या धरतात. बाजारात पहिली कैरी दिसली की ती घरी येईपर्यंत धीर धरत नाही, भाजीवालीकडूनच फोड मागून खाते. "दात आंबले की कळतं, उन्हाळा आला," असं म्हणते. लोक उन्हाळ्याच्या नावाने कपाळाला आठ्या घालतात तेव्हा हिचा चेहरा पाहुणा यायचा असल्यासारखा असतो.

कारण उन्हाळा म्हणजे लग्नं आणि लग्नं म्हणजे रुखवत. इमारतीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं, की तिच्या बाजूने मांडायचं रुखवत आईच्या घरी तयार व्हायचं. जेवणं आटोपून, जरा लवंडून, तीनच्या सुमाराला बायका यायच्या. तळमजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, समोरच्या विंगमधल्या नर्स मावशी आणि आमच्या बरोबर खालच्या घरातल्या काकू. हॉलमध्ये चटई, डोक्यावर पंखा, मधे ठाण्याच्या नौपाड्यातून आणलेले मणी. आई क्रोशाची सप्तपदी विणायची, बाई काड्यापेट्यांचा बंगला बांधायच्या, मावशी मण्यांची तुळस गुंफायच्या आणि काकू सुपारीची माणसं करायच्या.

काकूंची सुपारी म्हणजे नुसतं मुंडावळ्या बांधलेलं जोडपं नव्हे. त्या लग्नातली खरी माणसं काढायच्या. भटजी, करवली, झोप अनावर झालेले आजोबा. एकदा एका मुलीची होणारी सासू बैठकीला फार नाकं मुरडून गेली होती. काकूंनी तिची सुपारी केली, नाक वर, पदर घट्ट. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी ती रुखवतात गेली. विहीणबाईंनी ती हातात घेऊन निरखली, मंडपात खो खो हसल्या आणि पर्समध्ये टाकून घरी घेऊन गेल्या. त्या मुलीचं सासरी बरं चाललंय ते या सुपारीमुळे, असं बाई आजही म्हणतात.

"तुमचा नवरदेव पुढाऱ्यासारखा दिसतोय हो," मावशी म्हणायच्या.

"बरं आहे की. फ्लॅट तरी मिळेल पोरीला," काकू मान वर न करता.

बाबा गेले त्या वर्षी आईने चैत्रगौर मांडली नाही. हळदीकुंकू आता आपण करायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. काकू वर आल्या, पाट मांडला, आईला हाताला धरून त्यावर बसवलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. म्हणाल्या, "ज्यांना चालत नाही त्यांनी खालच्या खाली जावं. डाळ मी केलीय, पन्हं तू कर." तेव्हापासून चैत्राचं हळदीकुंकू आईकडेच होतं. हे सगळं मी तिथे उभा राहून पाहिलेलं आहे. तरीही पुढे जे केलं ते मीच केलं.

झालं असं, की ऑफिसातल्या एकाने माझ्या मोबाइलवर आईच्या सप्तपदीचा फोटो पाहिला आणि बहिणीच्या लग्नासाठी तशीच मागितली. मग त्याच्या ओळखीतून आणखी एकाने. मला एकदम वाटलं, एवढी कला हॉलमधल्या चटईवर वाया चाललीय. मी आईच्या कामाचं एक ऑनलाइन पेज उघडलं, फोटो टाकले, कुरियर ठरवला. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून ऑर्डरी येऊ लागल्या. आईला सुरुवातीला गंमत वाटली, हे खरं आहे. अनोळखी माणसं कौतुक करतात म्हणून ती चष्मा लावून मेसेज पुन्हा पुन्हा वाचायची.

मी शनिवारी यायचो, खोकी भरायचो. आणि भरण्याआधी, अर्थातच, तपासायचो.

मागच्या उन्हाळ्यातला एक शनिवार. चौघी बसलेल्या. एक खोकं संध्याकाळी जायचं होतं. त्यात काकूंचं सुपारीचं जोडपं होतं. काकूंचा हात अलीकडे थरथरतो. नवरीची एक भुवई वर गेली होती, नवऱ्याचा फेटा डोळ्यांवर आला होता. मी ती जोडी उचलली, उजेडात धरली, जशी कारखान्यात धरतो तशी, आणि खोक्याबाहेर ठेवली.

"काकू, हे पाठवता येणार नाही. फिनिशिंग नाहीये. तुम्ही आता आराम करा ना. तुम्ही आपल्या नुसत्या गप्पा मारायला येत जा."

काकू म्हणाल्या, "बरं बाबा. गप्पांना फिनिशिंग लागत नाही ना?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, किती खेळीमेळीने घेतलं. आईने मात्र हातातली सुई खाली ठेवली होती, ते मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

काकू त्यानंतर दोनेकदा आल्या. हात मांडीवर ठेवून बसल्या. मग ऊन फार आहे म्हणाल्या. आमच्या आणि त्यांच्या घरात एक जिना आहे, त्यावर ऊन पडत नाही. पुढे बाई यायच्या कमी झाल्या, कारण चटईच्या जागी खोकी होती आणि आईला मान वर करून बोलायला फुरसत नव्हती. मावशी दारातूनच विचारून जायच्या. आई एकटीने विणत राहिली. पिस्ता रंग हवा, मोरपंखी हवा, मंगळवारपर्यंत हवं. मी फोनवर विचारायचो, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय." माझ्या बायकोने एकदा सांगितलं, "अहो, त्या आताशा कुणाचं काही सांगत नाहीत. आधी तासभर सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या द्यायच्या." मी म्हटलं, कामात असते ती.

या वर्षी पाडव्यानंतर पेजवर एक ऑर्डर आली. पूर्ण रुखवत, वैशाखातलं लग्न. खाली पत्ता दिला होता. इमारतीचं नाव आमचं, मजला पहिला. काकूंची नात. जिला मी कडेवर घेऊन फिरवलंय, जी आईच्या चटईवर मणी सांडत रांगली, ती मला लिहीत होती, "कृपया उपलब्ध आहे का कळवा."

मी तिला फोन लावला. "अगं, हे काय? ऑर्डर कसली देतेस?"

"काका, आजीच म्हणाली. वरच्या आजींकडे आता ऑर्डर द्यावी लागते, तशी रीतसर दे. तिला विचारलं, तू नाही का करणार सुपाऱ्या? तर म्हणाली, माझ्या पास होत नाहीत."

मी फोन ठेवला. आईचं काम जगभर पोचवतोय अशा तोऱ्यात मी होतो आणि तिची सगळ्यात जवळची मैत्रीण एका जिन्याच्या अंतरावरून गिऱ्हाईक होऊन आली होती.

त्या शनिवारी मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तू तेव्हाच का नाही बोललीस मला?"

"काय बोलू? मलाही कौतुक गोड लागत होतं रे. आणि नंतर लाज वाटायला लागली. मी खाली गेले असते तर तिने विचारलं असतं, तेव्हा गप्प का बसलीस? काय सांगणार होते?" मग म्हणाली, "ऑर्डर घेऊ नकोस. खाली जाऊन ये."

मी गेलो. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "आई बोलावतेय." त्या म्हणाल्या, "आईला सांग, मला ते ऑर्डरचं काम जमत नाही." मी म्हटलं, "तसं नाही हो काकू, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी मागे..." आणि पुढचं गिळलं. पाणी पिऊन वर आलो.

आईने माझ्याकडे पाहूनच ओळखलं. "चौघींत बोललास आणि ते पुसायला एकटीकडे जातोस होय? तेही अर्धवट?"

त्यानंतर तिने जे केलं त्याला मी कारस्थान म्हणतो, ती हळदीकुंकू म्हणते. चैत्रगौरीचं आमंत्रण घेऊन ती स्वतः जिना उतरली. हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेजवरचं काम तिने माझ्याकडून बंद करवलं, खोकी माझ्याच गाडीत भरून दिली. हॉलमध्ये पुन्हा चटई आली. आरास तिने मनापासून मांडली, कलिंगडाचं कमळ, काकडीची मगर, गौरीच्या पाठीमागे क्रोशाचं तोरण. आणि एका कोपऱ्यात, जिथे काकू नेहमी बसतात तिथे, सहज ठेवल्यासारखी सुपाऱ्यांची वाटी.

दुपारी बायका आल्या. मला आंब्याची डाळ आणि पन्ह्याचे पेले फिरवायला ठेवलं होतं. बाईंनी मला पाहून विचारलं, "हा इथे कसा?"

"वाढपी आहे," आई म्हणाली. "बिनपगारी."

काकू आल्या. आईने त्यांना कुंकू लावलं, त्यांनी आईला लावलं. काकू आपल्या जागी बसल्या, वाटी पाहिली, तिच्याकडे पाठ केली. मी डाळ दिली. त्यांनी डाळीचा घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी." आई म्हणाली, "मग घाल की. हात मोडलाय?" एवढ्यावर बाई फिसकन हसल्या.

हळूहळू सैल होत गेलं. मावशींनी विचारलं, "नातीची सासू कशी आहे हो?" काकूंनी फोन काढला. सगळ्या त्यावर वाकल्या.

"अगं बाई, भुवया बघ!"

"पेन्सिलीने काढल्यात."

"या भुवया सुपारीवर मावायच्या नाहीत," काकू म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांचा हात मागे गेला. वाटीतली एक सुपारी त्यांनी उचलली आणि बोटांत फिरवून पाहू लागल्या, मोठी बाजू वर, मग खाली.

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. मिटतंय आपोआप, आता विषय काढून कशाला सगळ्यांचा रंग घालवायचा, असं वाटलं. आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तीसुद्धा आता काही म्हणणार नाही, हे कळलं. गप्प बसलो असतो तरी दुपार चांगलीच गेली असती. पण पुढच्या प्रत्येक दुपारी काकूंना मला माफ न करताच माझ्याशी नीट वागावं लागलं असतं, आणि तेही ओझं मी त्यांच्यावरच टाकलं असतं.

मी ट्रे ठेवला आणि चटईपाशी गेलो. "काकू, मला बोलायचंय."

"बोल ना. पन्हं संपलं?"

"नाही. मागच्या वर्षीचं बोलायचंय."

काकूंनी सुपारी मुठीत धरली. "जाऊ दे रे ते."

"जाऊ नका देऊ. मला बोलू द्या."

त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली. "मग खाली बस. उभ्याने बोलतोस ते साहेबासारखं वाटतं."

मी बायकांच्या मधे मांडी घालून बसलो.

"काकू, मागच्या उन्हाळ्यात इथेच, या सगळ्यांसमोर, मी तुमचं काम उचलून बाजूला ठेवलं आणि तुम्हाला नुसत्या गप्पा मारायला या म्हणालो. तुमच्या काळजीने बोललो असं मी आजवर स्वतःलाही सांगत आलो. ते खोटं आहे. गिऱ्हाईक नाराज होईल एवढीच मला काळजी होती. तुम्ही माझ्या आईला या पाटावर बसवलंत आणि मी तुम्हालाच चटईवरून उठवलं. तुमचा हात थरथरतो हे मला दिसलं, तुम्हाला काय वाटेल ते दिसलं नाही. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."