मैफलीच्या दिवशीचा तास

आमच्या शाळेतले गाण्याचे मास्तर मैफलीच्या दिवशी गळा जपायला वर्गात बोलत नसत. नुसत्या पेटीवर शिकवत. ही पोरांची फसवणूक आहे, असं मी एका सकाळी शिक्षकांच्या खोलीत त्यांना तोंडावर सांगितलं. ते पेटी उचलून वर्गाकडे गेले. त्या दिवशीही मैफल होती, आणि त्यांना ऐकायला नागपूरहून रेडिओचे साहेब येणार होते.

त्याच दुपारी तांड्यावरची एक मुलगी काही केल्या सुरात येईना. मास्तर उठले आणि शाळा सुटेपर्यंत तिच्यासोबत मोकळ्या गळ्यानं षड्ज लावत राहिले.

संध्याकाळी वरच्या सुरावर त्यांचा आवाज फुटला. साहेब चहाआधीच उठले.

"काहून गायले दुपारी?" मी विचारलं.

"पोरगी सुरात येऊन राह्यली होती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मधातच सोडू काय?"