अण्णांनी घासलेट सोडलं नाही

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लिहायला बसणं धिटाईचं आहे हे मला कळतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना मी सांभाळून घेणार नाही.

हुमनाबादेत घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे थोरले भाऊ, अण्णा, मोटारी दुरुस्त करायचे. सुटे भाग धुवायला आडवं कापलेलं पिंप होतं, त्यात घासलेट. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, यंत्रं धुऊन पुजतात. त्या सकाळी बीदरला उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारे एक सावकार आले. त्यांच्याच मोटारीचं इंजिन खोललेलं होतं.

"घासलेट वाळस्तोवर मुहूर्त जातंय. पेट्रोल घाल," म्हणाले आणि स्वतःच पिंपात डबा रिकामा केला. अण्णा नको नको म्हणत भाग बाहेर काढू लागले, तोवर सावकारांनी पिंपाशेजारी पूजेचा दिवा लावलासुद्धा.

भडका उडाला आणि अण्णांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. बाजारात सावकारांनी सांगितलं, मिस्त्री बिडी ओढत होता. अण्णांनी जन्मात बिडी ओढलेली नाही. तरी गिऱ्हाईक तुटलं. बेफिकीर मिस्त्रीच्या हवाली मोटार कोण करणार?

मी तेव्हा गुलबर्ग्याला रसायनशास्त्र शिकत होतो. सुट्टीत आलो तर वहिनी भाग धुवायच्या आणि अण्णा आखडलेल्या बोटांनी ते जोडायचे. आगीचं भय नको म्हणून मी धुण्याचा सोडा पाण्यात उकळून पाहिला. लोखंड छान निघालं. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक जुना पिस्टन मात्र फसफसून काळा पडला, खरबरीत झाला.

मला लगेच सावकारांनी अण्णांच्या जागी धरलेला नवा मिस्त्री आठवला. त्याला हा सोडा सुचवला तर?

"कामून हसायलास?" अण्णांनी विचारलं. मी सांगून टाकलं.

"भावजी, कॉलेजात हेच शिकवायलेत व्हय?" वहिनी म्हणाल्या.

अण्णा म्हणाले, "मोटारीनं काय केलंय तुझं? डूख धरायचा तर माणसावर धर. आपल्याला घासलेटच बरं. वेळ खातंय, पर हात खात न्हाई."

मी सोड्याचं पाणी ओतून दिलं. डूख गेला नाही. कॉलेजात बर्नर पेटवला की सावकारांचा चेहरा समोर यायचा.

उन्हाळ्यात आमच्या गावचा एक लॉरी ड्रायव्हर तूर घेऊन गुलबर्ग्याला आला, तो मला शोधत खोलीवर आला. त्यानं सांगितलं, सावकारांची मोटार भर बाजारात बंद पडली होती. त्यांच्या मिस्त्रीनं हात टेकले, तेव्हा ते आमच्या शेडवर आले. अण्णांनी पाना खाली ठेवला. "आधी चौकात चला. दिवा कुणी लावला ते सांगा. मग बॉनेट उघडतो."

 सावकार गेले आणि बोलले. हमाल, पानवाला, मोटारीतून उतरलेली माणसं, सगळ्यांनी ऐकलं.

मी तिथं नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं. मी ड्रायव्हरला विचारलं, "मोठ्यानं बोलले का?"

"पयल्यांदा हळूच बोलले," तो म्हणाला. "तुझ्या अण्णानं परत बोलायला लावलं."