कुंकवातलं कॅल्शियम

सातपूरच्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळायचे. भट्टीतल्या वितळलेल्या धातूच्या रसाचा बिस्किटाएवढा, थिजलेला नमुना यंत्रावर ठेवायचा आणि त्यावर ठिणगी पाडायची. ठिणगीत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरलेल्या रंगांचा उजेड टाकतात. यंत्र ते रंग सुटे करून कशात काय, किती ते सांगतं. बाहेरून उजेड आला, तर अणू नेमके तेच रंग गिळतात. सूर्याच्या उजेडात कॅल्शियमच्या रंगांच्या जागी काळ्या रेघा दिसतात, त्यावरून तिथं कॅल्शियम आहे हे कळलं. चहाच्या वेळी हे सांगितलं तेव्हा भट्टीवाले काका म्हणाले, "म्हंजी नमुना आणायला कोणाला जावं नाय लागलं!" मला हसू आवरेना.

काका सायखेड्याहून यायचे. त्या महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांची एकही भट्टी आजवर नापास झाली नव्हती.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच भट्टीत कॅल्शियम मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. असा रस ओतला तर माल सच्छिद्र होतो.

"मॅडम, माझ्या भट्टीत नाय येणार. परत बघा."

"काका, अणू खोटं बोलत नाहीत," मी ताडकन म्हणाले आणि साहेबांना कळवून मोकळी झाले. भट्टी रिकामी करा, साहेब म्हणाले. काका हातमोजे काढून बाकावर बसले.

मला ते बघवेना. प्रमाण म्हणून ठेवलेला तुकडा कपाटातून काढून लावला. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. यंत्र नीट आहे ना हे बघायला रोज आधी तोच लावायचा असतो, पण त्या सकाळी मी कंटाळा केला होता. त्यातही कॅल्शियम! तुकडा उलटून पाहिला तर लालसर डाग.

खंडेनवमीला यंत्राची पूजा मीच केली होती आणि ठिणगीच्या भोकाशेजारी हौसेनं कुंकवाची दोन बोटं ओढली होती. कुंकू हळदीत चुना घालून करतात, आणि चुन्यात कॅल्शियमच असतं. अणू खरंच बोलले होते, पण माझ्या कुंकवाबद्दल.

कुंकू पुसून, नमुना पुन्हा घासून ठिणगी पाडली. भट्टी चोख होती. धावत जाऊन काकांसमोरच साहेबांना सांगितलं, चूक माझी.

काका पुन्हा हातमोजे चढवू लागले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"मशिनीचं ऐकलं ते बरं केलं मॅडम," ते म्हणाले. "पण मी परत बघा म्हणलो व्हतो."