नीलाताईंचं विमान आणि जळका सोफा

मुलुंडच्या नीला गद्रे निवृत्त झाल्या आणि विमान उडवायला लागल्या. रिमोटवरचं, हातभर पंखांचं. आख्खी नोकरी विमा कचेरीत इतरांच्या अपघातांचे दावे तपासण्यात गेली होती. सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत त्या मैदानावर हजर.

"अगं, या वयात बायका भिशी लावतात," नवरा मार्तंड म्हणाला.

"मला आकाश लागतं, त्याला काय करू?"

विमानाची बॅटरी लिथियमची. ती नीलाताई जावयासारखी सांभाळायच्या. उतरल्यावर आधी गार होऊ द्यायची, मग तिच्याच चार्जरला जोडून कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवायची. चार्ज होईपर्यंत शेजारून हलायचं नाही. मार्तंडरावांना या सोवळ्याचं फार हसू यायचं.

एका रविवारी विमान नाकावर आपटलं. बॅटरीचा कोपरा चेपला. घरी येऊन ती टेबलावर ठेवून नीलाताई आंघोळीला गेल्या. बायको हिरमुसलीय, आपण थोडी मदत करावी, म्हणून मार्तंडरावांनी खणातला कुठलासा जुना चार्जर काढला, बॅटरी जोडली, सोफ्यावर ठेवली आणि पेपर उघडला.

"नीला, तुझी बॅटरी फुगलीय गं. पुरीसारखी टम्म!"

"बटण बंद करा! तिला हात लावू नका! आधी बाहेर व्हा!"

केसांना शाम्पू, अंगावर गाऊन, अशा नीलाताई नवऱ्याला ढकलतच जिन्यात आल्या आणि दार ओढून घेतलं. आतून फट्‌ असा आवाज आला. दाराखालून धूर. त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

"विमानाची बॅटरी पेटलीय."

"मॅडम, विमानतळावरून बोलताय का?"

"नाही हो, मुलुंडवरून. सोफ्यावर पेटलीय!"

जवान आले, विझवून गेले. भिंत काळी झाली, सोफ्याचा सांगाडा उरला. मार्तंडराव सांगाड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"रागावलीस?"

"घाबरले. तुम्ही तिथेच बसून राहिला असता तर?" नीलाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "आणि सोफा मला कधीच आवडला नव्हता. तुमच्या आईंची निवड."

तेव्हापासून चार्जिंगचं खातं मार्तंडरावांकडे. ओट्यासमोर स्टूल टाकून बसतात. शेजारच्या शकुने स्कूटरची बॅटरी दाराशीच चार्जिंगला लावलेली दिसली, तर थेट बेल वाजवली.

"शकु, पेटली तर पळशील कुठून? दार तर हेच!"

"काका, तुम्ही सांगताय?"

"मीच सांगणार. माझा सोफा गेलाय."

शकु हसली, पण बॅटरी तिथून हलवली.

परवा मैदानावर नीलाताईंनी रिमोट पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातात दिला. विमान झकास वर गेलं, वळलं आणि गुलमोहरात जाऊन बसलं.

"वाट लागली," मार्तंडराव म्हणाले.

नीलाताई पोट धरून हसत होत्या. क्रिकेटवाल्यांपैकी कोणीतरी झाडावर चढायला लागलं होतं.