पाय लागला म्हणून

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या पार्कात तो गोरा म्हातारा दर रविवारी जमिनीतली जुनी नाणी शोधत मेटल डिटेक्टर फिरवत यायचा. कौन्सिलच्या परवानगीचं कार्ड गळ्यात असायचं, तरी माझ्या बाकाजवळ खणण्याआधी मला विचारायचा. "परवानगी पार्कची आहे, तुमच्या निवांतपणाची नाही," म्हणायचा.

एकदा उठताना माझा पाय त्याच्या यंत्राला लागला. सवयीनं मी यंत्राला हात लावून नमस्कार केला. त्यानं कारण विचारलं.

"पाय लागला की आम्ही माफी मागतो," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. गवताचा चौकोन कापून बाजूला ठेवला, खालची गंजकी चकती खिशात टाकली, चौकोन परत बसवला आणि नेहमीसारखा बुटानं दाबला. मग थांबला. गुडघा धरून हळूहळू वाकला आणि गवताला हात लावून तो छातीशी नेला.